घरचे तास

मुरुड, ६ जुलै २०२५

चि. सौ. अंबूस,
अनेक आशीर्वाद. महांतेश दाजींना शरणार्थ.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तुझा फोटोही दिसेनासा झाला, तेव्हा मला वाटलं माझाच मोबाईल बिघडला. संगमेशच्या दुकानात नेला. त्याने बघितलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "सर, मोबाईल ठीक हाय. ताईनं तुमाला ब्लॉक केलंय." साठी उलटलेल्या माणसाला धाकट्या बहिणीने ब्लॉक करावं आणि ते त्याला मोबाईलच्या दुकानात कळावं, ह्याहून मोठी फजिती काय असते? तिथून उठलो तो पोस्टात जाऊन पाकिटंच घेऊन आलो. पोस्टातला माणूस विचारायला लागला, "सर, आता पत्रं कुणाला?" म्हणालो, शाळेचं काम आहे. रिटायर माणसाला शाळेचं कसलं आलंय काम, पण त्याने मान डोलावली.

त्या दिवशी फोनवर तू एवढंच बोललीस, "अण्णा, आता भाजीची पिशवी पाठवू नकोस. वरच्या मजल्यावरच्या मनस्विनी मॅडमनी भेंडी तपासली. औषध निघालं. मला कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही." आणि ठेवून दिलास. मला बोलूसुद्धा दिलं नाहीस. हा काय न्याय झाला?

मॅडम कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, मान्य. पण मीही जन्मभर झेडपीच्या शाळेत विज्ञानच शिकवलं. भेंडीचा अर्क काढायचा, काचपट्टीवर ठेवायचा, शेजारी माहीत असलेल्या औषधाचा ठिपका द्यायचा आणि दोन्ही ठिपके सारखेच वर चढले की निकाल सांगायचा, ही परीक्षा मला ठाऊक आहे. शाईचा ठिपका टीपकागदावर चढवून मी पोरांना तेच दाखवायचो. काचपट्टी धुतलेली नसली तर कालचा ठिपका आज दिसतो. एवढं त्यांना विचारलंस का?

आपल्या रानाची रीत तू विसरलीस की काय? विहिरीकडच्या अंगाला भेंडी-वांग्याच्या चार ओळी, ते चार तास घरचे. वरचे सगळे बाजारचे. बाजारच्याला फवारा, घरच्याला थेंब नाही. मुरुडात कुणाच्याही रानात जाऊन बघ, हीच रीत. कुणी बोलून दाखवत नाही, एवढंच. आयुष्यभर मी शाळेतले तास घेतले, आता शेतातले घेतो, आणि दोन्हीकडे शिस्त पाळली. तुला आलेली प्रत्येक पिशवी घरच्या तासातली होती.

एक गोष्ट सांगणार नव्हतो, पण तू माझ्यावर एवढी चिडलीस म्हणून सांगतो. पिशव्या आपल्या रानात खुरपायला येणारी पंचशीला भरते. गडबडीत ती एखाद्या दिवशी बाजारच्या तासात शिरली असेल. गरीब बाई आहे, मी तिला काही बोललो नाही आणि बोलणारही नाही. तूही हे मनात ठेव.

साक्षी कशी आहे? लेकीला आठवा महिना लागला ना? तिला भरली भेंडी आवडते म्हणून तर मी पिशवी सुरू केली होती. आता थोडे दिवस तिला भेंडी देऊ नकोस. म्हणजे तसं काही नाही. पावसाळ्यात भेंडी बाधते.

तुझी वहिनी रोज विचारते, अंबूचा फोन आला का. मी हो म्हणतो.

तुझा,
वीरभद्रअण्णा


मुरुड, १२ जुलै २०२५

चि. सौ. अंबूस,
आशीर्वाद.

उत्तर नाही. ठीक आहे. मग आता मीही थोडं मनातलं बोलतो.

ही सगळी भानगड सुरू कुणी केली? मी साक्षीसाठी पिशवी पाठवत होतो, एक घर खाईल एवढी. ती तू शेजारी दाखवलीस. "माझ्या माहेरची, बिनऔषधाची." मग शेजारणीला हवी, मग समोरच्यांना हवी, मग अर्धी कॉलनी पिशवीची वाट बघायला लागली. आणि वर तुझाच फोन आला, "अण्णा, लोक म्हणतात भेंडीत अळी निघाली." अगं, बिनऔषधाच्या भेंडीत अळी नाही तर काय मोती निघणार? अळीने खाल्ली म्हणजे माणसाने खायला हरकत नाही, अशी ती पावतीच असते. पण तुमच्या कॉलनीला औषधही नको आणि अळीही नको. मग रबराची भेंडी करून पाठवू का?

त्या दिवशी तू म्हणालीस, "अण्णा, काहीतरी कर ना. माझी इज्जत जाते इथे." आठवतं? काहीतरी कर, हे तुझे शब्द आहेत.

मी रागावलेलो नाही. समजावून सांगतो. सगळी औषधं सारखी नसतात. बाजारच्या तासावर मारतात ते सायपरमेथ्रिन कातडीवर बसतं. ऊन लागलं की हळूहळू मोडतं आणि धुतलं तर बरंचसं निघूनही जातं. म्हणूनच मी तुला सांगत होतो की मिठाच्या पाण्यात धुऊन घेत जा.

वरचं वाक्य लिहून गेलो. खोडत नाही. खोडलं तर तू कागद उजेडात धरून वाचशील, ती तुझी लहानपणापासूनची खोड. धुऊन घे असं मी सगळ्यांनाच सांगतो. त्यातून काही काढत बसू नकोस.

इकडे पाऊस दडी मारून बसला आहे. ओढ्यात आपल्या बांधाखाली पाणी साचतं ना, जिथे तू लहानपणी परकर भिजवून मार खाल्लास, तिथले मासे परवा पांढरी पोटं वर करून तरंगत होते. बेडूकसुद्धा. पाणी आटलं, तापलं, त्याने झालं असणार. तुझी वहिनी बघून आली आणि तेव्हापासून जेवताना बोलत नाही. बायकांना नको तिथे हळवेपणा.

साक्षीचं कळव. दाजींना सांगून एक ओळ तरी लिही. डॉक्टर काय म्हणाले तेवढंच लिहिलंस तरी चालेल.

वीरभद्रअण्णा


मुरुड, १८ जुलै २०२५

अंबू,

तू मला फोन केला नाहीस, पंचशीलाला केलास.

ती काल सकाळी आली. खुरपं बाहेरच ठेवलं, उंबऱ्यापाशी उभी राहिली. तुझी वहिनी आत चहा करत होती. पंचशीला म्हणाली, "मास्तर, अंबिकाक्काचा फोन आल्ता. म्हणं म्या पिशवीत बाजारची भेंडी भरली."

मी म्हणालो, तसं नव्हतं लिहायचं मला.

"मंग कसं लिव्हायचं व्हतं? म्या कवा पिशवी भरली, सांगा की. घरच्या तासाला तुमी मला कवा हात तरी लावू दिला का? तिकडची भेंडी तुमीच तोडता. पिशवी तुमीच भरता. यष्टीला तुमीच नेऊन टाकता."

आतली कपबशीची किणकिण थांबली. वहिनी ऐकत होती.

मला गप्प बसता आलं असतं. पण मास्तरकीची सवय वाईट. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून म्हणालो, "अगं, बाजारची भेंडी चुकून कधी..." तिने पुरतं बोलूच दिलं नाही.

"बाजारची, बाजारची काय लावलंय, मास्तर? बाजार म्हंजी कोन? बाजाराच्या दिवशी म्या तुमचीच भेंडी घेते की. माझी लेकरं तीच खात्यात. बाजार म्हंजी आमीच."

मग म्हणाली, "उद्यापासून येत न्हाई." खुरपं उचललं आणि गेली. तुझ्या वहिनीने चहा मोरीत ओतला. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

आता खरं सांगतो. पिशव्या मीच भरल्या. पंचशीलाचा त्यात काडीचाही संबंध नाही. तुझा अळीचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरच्या तासात गेलो. एक भेंडी निवडावी, पाच टाकाव्यात, अशी अवस्था. मान वर केली तर बाजारच्या तासातली भेंडी हिरवीगार, एकसारखी, लग्नाला निघाल्यासारखी. पिशवीच्या तळाशी ती भरली आणि वरती मूठभर घरची टाकली. पुढच्या खेपेला वरचीही टाकली नाही. यष्टीवाल्याच्या हातात पिशवी देताना मी म्हणालो, "जपून न्या, घरची आहे." तेव्हा माझी जीभ कशी अडखळली नाही, ह्याचंच मला आता नवल वाटतं.

औषधाचंही मी तुला अर्धंच सांगितलं होतं. सायपरमेथ्रिनबरोबर मी इमिडाक्लोप्रिडही मारतो, तुडतुड्यांसाठी. ते आंतरप्रवाही असतं. म्हणजे कातडीवर बसत नाही. झाड ते पिऊन घेतं आणि रसातून पानात, फुलात, फळात नेतं. ते भेंडीवर नसतं, भेंडीत असतं. मिठाचं पाणी, व्हिनेगर, खायचा सोडा, कशानेही ते निघत नाही. हे मला पाठ आहे आणि तरी मी तुला मिठाच्या पाण्याचं सांगितलं. ते तुझ्या भेंडीसाठी नव्हतं. माझी मलाच समजूत घालायची होती.

बाटलीवर लिहिलेलं असतं, फवारल्यावर इतके दिवस तोडू नका. पण भेंडी एक दिवसाआड तोडली नाही तर जून होते, कुणी फुकट नेत नाही. मग भेंडी लावणारा माणूस ते वाचतो आणि तोडायला जातो. सगळेच जातात. मी सगळ्यांच्यात आहे हे मला कालपर्यंत पुरत होतं. आणि आपण त्याला औषध म्हणतो. मी वर्गातसुद्धा औषधच म्हणायचो.

ओढ्यातले मासेही उन्हाने मेले नाहीत. मी फवारणीचा पंप तिथे विसळला होता. सायपरमेथ्रिनचं नुसतं धुवणसुद्धा माशांना सोसत नाही, हेही मला माहीत होतं. घाई होती, विहिरीवर मोटार बंद होती. तुझ्या वहिनीला मी हळवी म्हणालो, ते मागे घेतो.

अंबू, साक्षीने त्यातलं किती खाल्लं? हे मला विचारायची लाज वाटते आणि न विचारता झोप लागत नाही. डॉक्टरांना सांग. माझं नाव सांगून सांग.

वीरभद्र


मुरुड, २४ जुलै २०२५

चि. सौ. अंबूस,
अनेक आशीर्वाद.

आज थोडं मोकळं वाटतं आहे म्हणून लिहितो.

परवा मी पंचशीलाच्या घरी गेलो. इतकी वर्षं ती आपल्या रानात राबली, पण तिचं घर मला दोनदा विचारावं लागलं. दारात उभा राहिलो. तिच्या सासूने खुर्ची आणून दिली, मी बसलो नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "पंचशीला, मी तुझं नाव खोटं घेतलं. चूक माझी. अंबूलाही तसं लिहून कळवलं आहे." ती म्हणाली, "व्हय, कळलं." एवढंच. मग मी घरच्या तासातली पिशवी पुढे केली. भेंडी होती, वांगी होती, अळीसकट. म्हणालो, "ही घरची आहे. लेकरांना दे. यापुढे दर खेपेला देत जाईन." तिने जरा वेळ पिशवीकडे बघितलं आणि घेतली. कामावर ये असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण ते त्या वेळी बोलणं बरं दिसलं नसतं.

दुसरं काम म्हणजे, संगमेश दुकानाचा माल आणायला नांदेडला गेला त्याच्याबरोबर मनस्विनी मॅडमना घरच्या तासातली भेंडी नि वांगी पाठवली. स्वतः तोडली, स्वच्छ पिशवीत बांधली, वर चिठ्ठी लावली. मॅडमचा फोन आला. बोलायला फार मऊ बाई. म्हणाल्या, "सर, ह्या वेळी मी काचपट्टीवर नाही बघणार, मोठ्या यंत्रावर बघून घेते. शंका राहायला नको." मी म्हणालो, अगदी बघा. बिलकुल शंका ठेवू नका.

माझ्या हातून खोटं झालं, ते मी कबूल केलं. पण घरचे तास खोटे नाहीत, अंबू. अण्णा लबाड निघाला तरी ते तास खरे आहेत. तू इतकी वर्षं माहेरी आलीस, जेवलीस, जाताना डबे भरून नेलेस, ते सगळं तिथलं होतं. निदान तेवढं माझ्याकडून काढून घेऊ नकोस. निकाल आला की मॅडम तो कॉलनीत दाखवतीलच. तेव्हा तू ताठ मानेने म्हण, माझ्या माहेरचे तास बिनऔषधाचेच आहेत.

मंगळवारी पंचमी. लिंबाला झोका बांधला आहे, दोर नवीन आणला. वहिनीने लाह्या फोडल्या. माझ्याशी नाही, पण लाह्यांशी बोलत होती, "अंबूला कुरकुरीत लागतात." साक्षीला प्रवास नको, ते कळतं. पण तू एका दिवसासाठी ये. लग्न झाल्यापासून तुझी पंचमी कधी चुकली नाही. बांधावरच्या वारुळाला तुझ्याशिवाय बायका गेल्या तर गाणी कोण सांगणार? तुझ्या वहिनीला दोनच कडवी येतात आणि तीही ती उलटसुलट म्हणते.

काही बोलू नकोस माझ्याशी. नुसती ये.

तुझा,
अण्णा


मुरुड, ३० जुलै २०२५

अंबू,

काल मी फाट्यावर जाऊन उभा होतो. नांदेडहून येणारी प्रत्येक गाडी बघितली. तू आली नाहीस. तू येणार नव्हतीस हे मलाही माहीत होतं, पण पंचमीच्या दिवशी घरात बसून तरी काय करणार?

निकाल परवाच आला होता. मॅडमनी तुला सांगितला का, की मी सांगेन म्हणून थांबल्या? मीच सांगतो. घरच्या भेंडीतही आहे. वांग्यातही आहे. बाजारच्यापेक्षा कमी आहे, पण आहे. इमिडाक्लोप्रिड.

मी फोनवर चिडलो. म्हणालो, "मॅडम, त्या तासांना आजवर थेंब लावला नाही. मी शपथ घेतो." त्यांनी अगदी हळू विचारलं, "सर, तुमच्या रानाचा उतार कुठल्या बाजूला आहे?"

विहिरीकडे. उतार विहिरीकडे आहे, अंबू. बाजारचे तास वर, घरचे तास खाली. वहिनीला स्वयंपाकाआधी चटकन तोडता यावं म्हणून ते तिथे ठेवलेले. वर फवारलेलं मातीत उतरतं, मातीत महिनोन्महिने राहतं, पाण्यात विरघळतं, आणि पाणी दिलं किंवा पाऊस पडला की खाली येतं. घरच्या तासांची मुळं ते पितात. तिथून पुढे विहीर. त्या विहिरीचं पाणी आम्ही पितो आणि तूही पीत आलीस. पाणी उताराला जातं, हे मी चौथीच्या पोरांना ताटलीत माती घालून शिकवायचो. आणि अळ्या होत्या म्हणून मी शुद्धतेची पावती फाडत होतो. अळीला पुरणार नाही एवढं थोडं औषध होतं, इतकाच त्या पावतीचा अर्थ.

म्हणजे मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला वाटत होतं मी एक खोटं बोलतो आहे. ते खोटं त्याच्या फार आधीपासून चालू होतं, फक्त मला ठाऊक नव्हतं. मी बांध घातला होता आणि त्या बांधाच्या अलीकडे माझी माणसं, पलीकडे बाजार, अशी वाटणी करून निवांत होतो. आणि पंचशीलाच्या दारात मी मोठ्या मनाने नेऊन दिली ती हीच भेंडी. निकाल कळल्यावर पुन्हा गेलो तिच्याकडे. सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग आता काय खावं, मास्तर, तेवढं सांगा."

पंचमीचं सांगतो. काल घरात विळी काढली नाही, तवा ठेवला नाही. पुरणाचे दिंड उकडले. रानात कुणी कुदळ मारली नाही, मातीतल्या जिवाला लागू नये म्हणून. आपली आई सांगायची ना, पंचमीला जमीन दुखवायची नाही. मीही ते दरवर्षी पाळतो. काल बायका बांधावरच्या वारुळाला गेल्या. घरच्या आणि बाजारच्या तासांच्या मधोमध ते वारूळ. दूध वाहिलं, हळदीकुंकू वाहिलं, लाह्या टाकल्या. गाणी झाली नाहीत.

आज सकाळी वहिनी पाणी आणायला गेली आणि घागर तशीच घेऊन परत आली. इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलली. "अहो, जरा चला." मी गेलो. वारुळावरच्या लाह्या जशाच्या तशा होत्या. पांढऱ्याशुभ्र. दरवर्षी दुपार टळायच्या आत मुंग्या एकूणएक लाही ओढून नेतात, तू नि मी लहानपणी त्यांची रांग बघत बसायचो. ह्या वेळी एकही लाही हललेली नव्हती. मी काडीने वारुळाच्या तोंडाची माती उकरली. आत कुणी नव्हतं. ना वाळवी, ना मुंगी. हे औषध लोक घराच्या पायात वाळवी मारायलाच घालतात.

पंचमीला कुदळ लावायची नाही एवढं मी पाळलं. फवाऱ्याचं आईने काही सांगितलं नव्हतं. तिच्या वेळी तो नव्हता.

वहिनीने लाह्या गोळा करून पदरात घेतल्या. टाकायच्या कुठे ते तिला कळेना. अजून स्वयंपाकघरात ताटलीत झाकून ठेवल्या आहेत.

मी बाजारचे तास उपटले. घरचेही. त्याने माती लगेच काही धुऊन निघत नाही, हे मी जाणतो. ह्या औषधावर औषध नाही. पुढे काय लावायचं, काय खायचं, मला माहीत नाही. तुला काही मागत नाही. फक्त मागच्या वर्षीची वाळवलेली भेंडी नि सांडगे तुझ्या डब्यात असतील, ते साक्षीला देऊ नकोस. "घरचे" म्हणून मीच दिले होते.

मला लाज वाटते, अंबू. दुसरा शब्द शोधत होतो, सापडला नाही.

वीरभद्र


नांदेड, ११ ऑगस्ट २०२५

अण्णास,
शरणार्थ.

साक्षीला मुलगी झाली. दोघी घरी आल्या. डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं, तुझं नावही सांगितलं. त्यांनी तपासून घेतलं, म्हणाले बाळ छान आहे. पण ती छान आहे हे मी दिवसभर पुन्हा पुन्हा उठून बघते. हात बघते, पाय बघते. साक्षी म्हणते, "आई, किती वेळा मोजशील तिची बोटं?"

तुझी सगळी पत्रं मी वाचली. उजेडात धरूनही वाचली.

पंचशीलाचं नाव घेतलंस तेव्हा माझा सगळ्यात जास्त संताप झाला. मी उत्तर देणार नव्हते. पण मलाही एक सांगायचं आहे आणि ते मी तुझ्या दाजींनाही सांगितलेलं नाही. पिशवीबरोबर तू पहिल्यांदा "मिठाच्या पाण्यात धुऊन घे" म्हणालास ना, त्याच क्षणी मला कळलं. जन्मात तू माहेरच्या भाजीला तसं म्हणाला नव्हतास. फोन ठेवला आणि ओट्यावरची भेंडी बघत उभी राहिले. एकीलाही अळी नव्हती. साक्षीच्या ताटात मी ती वाढली नाही. तिला सांगितलं, कडू निघाली.

आणि बाकीची कॉलनीत वाटली. समोरच्या घरात दोन वर्षांचं पोर आहे. लोक खूश होते, ह्या वेळी अळी नाही म्हणत होते. मला कौतुक हवं होतं. त्यानंतरही दोन पिशव्या आल्या, त्याही वाटल्या. मॅडमनी तपासलं नसतं तर अजून वाटत असते. म्हणून मी तुझा फोन उचलत नव्हते, अण्णा. तुझ्यावर रागावले होते म्हणून नाही. तू खरं बोललास तर मलाही बोलावं लागलं असतं.

परवा समोरच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं.

बाळाला बघायला तू एवढ्यात येऊ नकोस. मी अजून तुझ्यासमोर बसू शकत नाही, आणि तूही माझ्यासमोर बसू नयेस असं वाटतं. वहिनीला म्हणावं लाह्या टाकू नकोस. वाळवून डब्यात ठेव. अधूनमधून एखादी मूठ वारुळावर टाकून बघत जा.

ज्या दिवशी मुंगी लाही नेईल त्या दिवशी मला कळव. पंचमी असो नसो, मी बाळाला घेऊन येते.

तुझी,
अंबू